पोहे, सोयाबीन आणि मोरचूद : अन्नघटकांच्या परीक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदुरात अकरावी-बारावीच्या मुलांची जीवशास्त्राची प्रॅक्टिकलं घेते. वर्ष सुरू झालं की मराठी घरांतून फोन येऊ लागतात. थोडे मुलांचे, जास्त त्यांच्या आयांचे. प्रश्न दर वर्षी तेच, म्हणून एकदाचे लिहूनच काढले. मुलं शिकतात इंग्रजीत नाहीतर हिंदीत आणि डबा भरणारी आई विचारते मराठीत. हे पान त्या आईलाही कळावं, असा प्रयत्न आहे.

या प्रयोगात नेमकं काय करायचं असतं?

अन्नाचा नमुना घ्यायचा, त्यात ठरावीक रसायन घालायचं आणि रंग बदलतो का ते बघायचं. सीबीएसईच्या अकरावीला साखर, स्टार्च, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ अशी चार परीक्षणं असतात. स्टार्चला आयोडीन, साखरेला बेनेडिक्ट किंवा फेहलिंग नावाचं द्रावण, प्रथिनांना बाययुरेट, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड आणि मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार). तेल-तुपाला कागदावरचा डाग, अल्कोहोल किंवा सुदान-३ नावाचा रंग.

हिंदी पुस्तकात 'वसा' लिहिलंय. म्हणजे काय?

म्हणजे चरबी, मेद, स्निग्ध पदार्थ. आपल्याकडे वसा म्हणजे 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' मधला. एका आजींनी नातवाच्या वहीत 'वसा का परीक्षण' वाचलं आणि कॉलेजात व्रतवैकल्यं कधीपासून शिकवायला लागले, असं मला विचारलं होतं. हिंदीतलं 'मंड' म्हणजे स्टार्च, पिष्ट. 'परखनली' म्हणजे परीक्षानळी. प्रोटीन सगळीकडे प्रोटीनच.

घरून काय आणायचं?

शक्यतो साधं आणि एकेकटं: बटाटा, कणीक, भिजवलेली मूग डाळ, दूध, शेंगदाणे, पिकलेलं केळं. तयार पदार्थही आणा, त्यांत मजा जास्त असते. पण तिथे फसायची तयारी ठेवा. एका पदार्थात दहा जिन्नस असले की कोणत्या जिनसाने रंग दिला ते सांगता येत नाही. सराफ्यातली, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, दाण्याच्या कुटात प्रथिनंही आणि तेलही, वर शेव-मिक्स्चर. बहुतेक परीक्षणांना ती 'हो' म्हणेल आणि तुम्हाला कळणार काहीच नाही. तेच साबुदाणा वेगळा आणि दाणे वेगळे तपासलेत, तर दोन्ही वेगवेगळं बोलतात.

घन पदार्थ खलबत्त्यात थोड्या पाण्याबरोबर वाटून, गाळून घ्यायचा. मात्र तेलासाठी तपासायचा असेल तर पाणी घालू नका, कोरडाच कुटा.

पोह्यांवर आयोडीन टाकलं. निळा रंग आला आणि लगेच गेला. असं का?

लिंबू पिळलं होतं ना? मग तेच कारण. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करून टाकतं आणि आयोडाइडला स्टार्चशी काही देणंघेणं नसतं. आणखी काही थेंब टाकत राहा. क जीवनसत्त्व संपलं की निळा रंग येऊन टिकतो. याच गोष्टीवरून कोणत्या फळात क जीवनसत्त्व किती ते मोजायचा एक वेगळा प्रयोगही करतात, म्हणजे तुम्ही चुकून पुढच्या वर्षाचं प्रॅक्टिकल केलंत.

त्याच पोह्यांचं बाययुरेट केलं तर जांभळ्याऐवजी लालसर रंग आला. हे कोणतं प्रोटीन?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न. दर वर्षी एक तरी टोळी सकाळच्या नाश्त्यातले पोहे डब्यात वाचवून आणते. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा नळी उंच धरून आला, 'मॅडम, ये तो लाल हो गया'. पुस्तकात जांभळा लिहिलाय आणि इथे नळीत विटकरी-लाल. मागे सगळी बाकं उभी राहिलेली.

मी त्याला एवढंच विचारलं, की रंग कधी बदलला? मोरचूद टाकल्यावर की त्याच्या आधी? तो गोंधळला. दुसऱ्या नळीत पुन्हा करायला लावलं. पोह्यांचं पिवळं पाणी, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड. लगेच लाल. मोरचुदाची बाटली अजून उघडलीसुद्धा नव्हती.

हा सगळा हळदीचा कारभार. हळद अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, लाल होते. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण कुंकू असंच व्हायचं: हळदीला चुना किंवा टाकणखार देऊन. पिवळ्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, तेही हेच. त्या दिवशी अर्ध्या वर्गाला कुंकवाचं रसायन कळलं. पोह्यांतल्या प्रथिनाचं राहूनच गेलं. पोह्यांत प्रथिनं असतात, पण बेताचीच. बघायचीच असतील तर फोडणीच्या आधीचे कोरडे पोहे आणा.

तेव्हा रसायन घालताना प्रत्येक टप्प्यावर थांबून नळीकडे बघा. शेवटचा रंग तेवढा बघून निष्कर्ष काढणारे हमखास फसतात.

आयोडीनचा रंग निळा-काळाच का येतो?

स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. आयोडीन त्या स्प्रिंगच्या पोकळीत जाऊन बसतं आणि त्या जोडीचा रंग गडद निळा दिसतो. अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं, त्याचा रंग लालसर-जांभळा. प्राण्यांच्या यकृतातलं ग्लायकोजेन त्याहून फांद्याळ, ते तपकिरी-लाल रंग देतं.

आयोडीन हे मूलद्रव्य 1811 साली बर्नार कुर्त्वा या फ्रेंच माणसाला समुद्री शेवाळाच्या राखेत सापडलं आणि 1814 मध्ये स्टार्चशी त्याचा हा निळा रंग नोंदला गेला. दोनशे वर्षांत परीक्षण तेच आहे, बाटली तेवढी बदलली.

एक सूचना: द्रावण फिक्या चहासारखं हवं. काही मुलं काढ्यासारखं घट्ट घेतात, मग काहीही काळंच दिसतं.

गरम भाताच्या पेजेत आयोडीन टाकलं तर निळं झालंच नाही.

थंड होऊ द्या. उष्णतेने ती स्प्रिंग सैल पडते आणि आयोडीन बाहेर येतं. निळी झालेली नळी गरम करा, रंग जाईल; नळाखाली धरा, परत येईल. फार वेळ उकळलीत तर आयोडीनच वाफेबरोबर उडून जातं आणि मग येत नाही.

आपलं मीठ आयोडीनयुक्त असतं. मग मीठ लावलेला बटाटा निळा का होत नाही?

मिठात मुळात असतं पोटॅशियम आयोडेट, मोकळं आयोडीन नव्हे. तेही अगदी चिमूटभर. स्टार्चला मोकळं आयोडीन लागतं.

नमुन्यात साखर मी स्वतः घातली, तरी बेनेडिक्ट निळंच राहिलं. बाटली खराब आहे का?

बाटली चांगली आहे. तुम्ही घातलीत ती स्वयंपाकघरातली साखर, सुक्रोज, आणि बेनेडिक्टला ती दिसतच नाही.

बेनेडिक्टच्या द्रावणात तांबं असतं, निळं. ग्लुकोज किंवा फ्रुक्टोजसारखी शर्करा गरम केल्यावर त्या तांब्याला इलेक्ट्रॉन देते आणि विटकरी रंगाचं तांब्याचं ऑक्साइड तळाशी बसतं. त्यासाठी शर्करेचं एक टोक मोकळं लागतं. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी, आणि ती जुळलीय नेमकी त्याच टोकांनी. फुगडी घालताना दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरलेले असतात, तिसरीला द्यायला हात उरत नाही, तसं.

फुगडी सोडवायची तर नमुन्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून काही मिनिटं गरम करा, मग खाण्याचा सोडा थोडाथोडा घालून फसफस थांबेपर्यंत आम्ल मारा, आणि आता बेनेडिक्ट घाला. येईल विटकरी. सोडा घालायचं मुलं विसरतात. बेनेडिक्ट अल्कलीत चालतं, आम्लात रुसतं.

दूध मात्र साखर न घालताही 'हो' म्हणतं. त्यात लॅक्टोज असतं आणि त्याचं एक टोक मोकळं असतं.

मग गूळ? जिलबी?

गूळ रंग देतो. त्यात बरंचसं सुक्रोजच असतं, पण थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज मोकळं झालेलं असतं. मध तर झटकन विटकरी. जिलबीचं सांगता येत नाही. पाकात साखर बसू नये म्हणून लिंबू पिळतात, त्या आम्लाने उकळताना काही सुक्रोज फुटतं. त्यामुळे एका दुकानाची जिलबी हिरवी, दुसऱ्याची केशरी. आमच्या मुलांनी एकदा पाच ठिकाणच्या आणल्या होत्या. पाची नळ्या स्टँडवर लावल्या तेव्हा निळ्यापासून केशरीपर्यंत पट्टाच तयार झाला. कोणाची कोणती ते इथे लिहीत नाही, रविवारी सकाळी मलाही रांगेत उभं राहायचं असतं.

बेनेडिक्ट वापरावं की फेहलिंग?

बेनेडिक्ट. फेहलिंगच्या दोन बाटल्या असतात, ऐन वेळी मिसळाव्या लागतात आणि मिसळलेलं टिकत नाही. बेनेडिक्ट एकाच बाटलीत वर्षभर सुखाने राहतं. घरी बनवायचं नाहीये, पण प्रमाण विचारतात म्हणून: एक लिटरला मोरचूद 17.3 ग्रॅम, सोडियम सायट्रेट 173 ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट 100 ग्रॅम. सायट्रेट तांब्याला धरून ठेवतं, नाहीतर अल्कलीत ते तळाशी बसलं असतं.

मधुमेहाच्या पट्ट्या आणि यंत्रं यायच्या आधी लोक लघवीतली साखर याच द्रावणाने बघायचे. 5 मिली बेनेडिक्ट, 8 थेंब लघवी, स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. तुमच्या घरातल्या ऐंशीच्या पुढच्या कुणाला विचारून बघा, निळी बाटली आठवेल.

हिरवा रंग आला. ते 'हो' की 'नाही'?

'हो', पण थोडीशी. निळा, हिरवा, पिवळा, केशरी, विटकरी अशी चढती भाजणी आहे. नळी पाच मिनिटं स्टँडवर ठेवून तळ बघा. पिवळा किंवा लालसर गाळ बसलेला दिसला तर खात्री. वरचं निळं आणि खालचा पिवळा गाळ मिळून डोळ्याला हिरवं दिसतं.

पदार्थ स्वतःच हिरवा असेल, म्हणजे पालक-कोथिंबीर, तर मला काही विचारू नका. दुसरा नमुना घ्या.

उकळताना नळीतलं सगळं उसळून बाहेर उडालं.

थेट ज्योतीवर धरली असणार. बीकरमध्ये पाणी उकळायला ठेवा, त्यात नळी उभी करा, तीन ते पाच मिनिटं. नळीचं तोंड स्वतःकडे नको, शेजाऱ्याकडेही नको. आमच्या जुन्या प्रयोगशाळेच्या छतावर निळ्या-विटकरी ठिपक्यांचं नक्षत्र होतं. प्रत्येक ठिपका कोणाचा ते मी सांगू शकत होते. चुना मारला आणि इतिहास पुसला गेला.

बाययुरेटमध्ये आधी काय घालायचं?

2 मिली नमुना, तेवढंच 10 टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, हलवा. मग 1 टक्का मोरचुदाचं द्रावण, थेंबाथेंबाने, दोन-तीन थेंब बस्स. गरम करायचं नाही. जांभळा रंग आला की प्रथिनं आहेत.

मुलांची चूक एकच: रंग दिसेना म्हणून मोरचूद ओतत राहतात. मोरचूद मुळातच निळा. जास्त झाला की हलका जांभळा त्याखाली दडपून जातो आणि नळी निळीच दिसते.

रंग येतो तो प्रथिनांतल्या पेप्टाइड बंधांमुळे, म्हणजे अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्यांमुळे, आणि असे निदान दोन बंध तरी जवळजवळ लागतात. म्हणून सुटी अमिनो आम्लं सहसा हा रंग देत नाहीत. त्यांच्यासाठी निनहायड्रिन नावाचं वेगळं रसायन असतं. 'बाययुरेट' हे नाव युरिया तापवला की तयार होणाऱ्या एका पदार्थाचं. त्यालाही तांबं हाच जांभळा देतं, म्हणून परीक्षणाला नाव चिकटलं. या परीक्षणात बाययुरेट नावाचा पदार्थ कुठेच नसतो. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा. बोटांना बुळबुळीत लागलं तर समजा कातडी साबणासारखी व्हायला लागलीय. ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं तरी पाण्याची धार आणि थेट डॉक्टर.

आमच्याकडे अंडं आणत नाहीत. प्रथिनांसाठी काय वापरू?

अंड्याचा पांढरा सोपा पडतो हे खरं, पण आपल्या मातीत त्याहून चांगली गोष्ट पिकते. सोयाबीन आणा.

सोयाबीनचं एवढं काय विशेष?

इथे थोडी लांबण लागेल. माळव्यात राहून सोयाबीनवर प्रॅक्टिकल न करणं म्हणजे कोकणात राहून नारळ न फोडणं. खंडवा रोडला सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था 1987 पासून आहे, अर्ध्या वर्गाच्या गावाकडे शेतात तेच उभं असतं, आणि तरी मुलं प्रयोगाला बटाटाच घेऊन येतात.

चार नळ्या लावा. रात्रभर भिजवलेले हरभरे वाटून, गाळून दोन नळ्यांत. तसंच सोयाबीन दोन नळ्यांत. दोन्ही डाळींच्याच भाऊबंदकीतल्या, दिसायलाही फार वेगळ्या नाहीत. पहिल्या जोडीत, म्हणजे एका हरभऱ्याच्या आणि एका सोयाबीनच्या नळीत, आयोडीन टाका. हरभरा निळा-काळा होईल. सोयाबीन? तपकिरीच्या तपकिरीच राहील, फार तर कुठे अंधुक छटा. मुलं समजतात आयोडीन संपलं. पुन्हा टाकतात, पुन्हा तेच. पिकलेल्या सोयाबीनमध्ये स्टार्च जवळजवळ नसतोच. हरभरा आपली शिदोरी स्टार्चच्या रूपात ठेवतो, सोयाबीन तेल आणि प्रथिनांच्या: साधारण 40 टक्के प्रथिनं, 20 टक्के तेल.

दुसऱ्या जोडीचं बाययुरेट करा. दोन्ही जांभळ्या, सोयाबीन जास्त गडद.

आता तिसरी गंमत. सोयाबीनचा कोरडा दाणा खलबत्त्यात कुटून कोऱ्या कागदावर दाबा. तेलाचा डाग. मग किराणा दुकानातल्या सोयावड्या तशाच कुटून दुसऱ्या कागदावर दाबा. डाग नाही. वडी बनते ती तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पेंडीच्या पिठाची. एकाच दाण्याचे दोन वारस आणि कागदावर दोघांची वाटणी दिसते.

हे घरच्या ओट्यावरही जमतं. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून फिकं करा, बाकी कागद आणि खलबत्ता. बाययुरेट मात्र प्रयोगशाळेतच.

कागदावरचा डाग पाण्याचा की तेलाचा, कसं ओळखायचं?

वाळू द्या. पाण्याचा जातो, तेलाचा राहतो. मग कागद उजेडासमोर धरा. तेलकट जागा अर्धपारदर्शक दिसते, कारण कागदाच्या तंतूंमधली हवा जाऊन तिथे तेल भरतं आणि प्रकाश विखुरायचा कमी होतो. कचोरीच्या पुडीवरून पलीकडची जाहिरात वाचता येते ती यामुळेच. (छापील कागदात खाणं बांधू नये असं अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगतंच, शाई पोटात जाते.)

अल्कोहोलचं परीक्षण आणि सुदान-३, यांत चांगलं कोणतं?

अल्कोहोल. नमुना थोड्या इथेनॉलमध्ये जोरात हलवायचा, निवळू द्यायचा, वरचं स्वच्छ द्रव पाण्यात ओतायचं. चरबी असेल तर पाणी दुधासारखं पांढुरकं होतं. तेल अल्कोहोलात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून बारीक थेंब होऊन तरंगतं. जवळपास ज्योत नको, एवढी एकच अट.

सुदान-३ तेलाच्या थराला लाल करतो, दिसायला सुंदर. पण तो हातमोजे घालून वापरायचा रंग आहे, आणि खाण्यात घालायला बंदी असलेला.

प्रत्येक परीक्षण साध्या पाण्यावरही का करायला लावता? वेळ जातो.

जातो. तरी करा. आणि ज्यात तो घटक नक्की आहे असा एक नमुनाही सोबत ठेवा.

पूर्वी मी एका ठिकाणी होते, तिथे एका सकाळी तीस मुलांची बेनेडिक्ट नळी निळीच राहिली. मध निळा, केळं निळं. मी मुलांना दटावलं, पाणी नीट उकळलं नाही म्हणून. तासाभराने सहज ग्लुकोजच्या द्रावणावर करून बघितलं, तेही निळं. तेव्हा ट्यूब पेटली. कुणीतरी बेनेडिक्टच्या रिकाम्या बाटलीत नुसत्या मोरचुदाचं द्रावण भरून ठेवलं होतं. रंग सारखाच, लेबल जुनं. ग्लुकोजची नळी आधी लावली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं आणि तीस मुलांची बोलणी वाचली असती. मी नंतर वर्गात माफी मागितली. तेव्हापासून माझ्याकडे पहिली नळी पाण्याची, दुसरी माहितीतल्या नमुन्याची, तुमचा डबा तिसरा.

कच्चं आणि पिकलं केळं दोन्ही का आणायला सांगता?

काप करून आयोडीन टाका. कच्चं काळंनिळं, पिकलं फिकं. बेनेडिक्टमध्ये नेमकं उलट. पिकताना स्टार्चची साखर होते, ते डोळ्यांनी दिसतं. शक्य असेल तर एकाच फणीतलं रोज एक केळं घेऊन आठवडाभर करा.

पोळी चावून तपासली तर खरंच साखर होते?

होते. लाळेतलं अमायलेज स्टार्चचे तुकडे करतं आणि माल्टोज तयार होतं; त्याचं एक टोक मोकळं असतं, म्हणून बेनेडिक्टला दिसतं. घास बराच वेळ चावत राहिलात तर गोडसर लागतो तो यामुळेच. भाताची पेज, त्यात लाळ, कोमट पाण्यात 37 अंशांच्या आसपास ठेवा आणि दर दोन मिनिटांनी एक थेंब आयोडीनवर टाका. निळा हळूहळू मावळतो. लाळ स्वतःची स्वतःच वापरायची, मित्राची नाही.

यावरून पदार्थात किती प्रथिनं आहेत ते कळेल का?

नाही. जांभळा गडद की फिका एवढाच अंदाज. मोजायचं असेल तर केल्डाल पद्धत आहे, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये काढलेली. तिच्यात नायट्रोजन मोजतात आणि साधारण 6.25 ने गुणतात. पण ती नायट्रोजन कुठला आहे ते विचारत नाही. 2008 मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं होतं ते याचाच फायदा घेऊन: मेलामाइनमध्ये भरपूर नायट्रोजन, प्रथिन शून्य. हजारो बाळं आजारी पडली.

दिवाळीचा मावा आणि पनीर घरी तपासता येईल?

स्टार्चची भेसळ तेवढी कळेल. थोडा मावा पाण्यात उकळा, पूर्ण थंड करा, आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा झाला तर पीठ किंवा अरारूट मिसळलंय. नाही झाला तर स्टार्च नाही, एवढंच. वनस्पती तूप किंवा इतर काही घातलंय का, ते आयोडीनला विचारून उपयोग नाही. आणि चाचणीचा मावा गुलाबजामात परत टाकू नका. हे लिहावं लागतंय, कारण एकींनी टाकला होता.

पांढऱ्या कोटावर आयोडीन सांडलं.

क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून लावा किंवा लिंबू चोळा. प्रयोगशाळेत हायपो (सोडियम थायोसल्फेट) असतो, तो डाग लगेच काढतो. पोह्यांच्या प्रश्नात सांगितलं तेच इथे घडतं: आयोडीनचं आयोडाइड होतं.

मुलाला लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही. त्याने काय करावं?

आधीच सांगून ठेवावं, लपवू नये. शेजारच्याने रंग सांगायचा, याने गाळ बसला का, थर वेगळा झाला का ते बघायचं. आयोडीनला अडचण येत नाही, कारण तिथे फिकं आणि काळं एवढाच फरक बघायचा असतो.

वहीत काय लिहायचं? बरोबर उत्तर कोणतं?

दिसलं ते. निरीक्षणाच्या रकान्यात रंग, अनुमानाच्या रकान्यात अर्थ. दोन्हींची सरमिसळ नको. 'प्रोटीन उपस्थित' हे निरीक्षण होत नाही, 'द्रावण जांभळं झालं' हे होतं. आणि 'नाही'च्या जागी 'आढळलं नाही' लिहा. पुस्तकात दिलेला रंग बघून आधीच भरलेली वही मला लांबूनच ओळखू येते: त्यात पोहे कधी लाल होत नाहीत.

उरलेला डबा खाल्ला तर चालेल का?

नाही. त्याच टेबलावर मोरचूद सांडलेला असतो, त्याच चमच्याने कुणीतरी काहीतरी ढवळलेलं असतं. दोन डबे आणा. एक आत येईल, दुसरा बाहेर व्हरांड्यात राहील, दप्तरातच बंद. गेल्या थंडीत एका मुलीच्या बाहेरच्या डब्यात तळलेला गराडू (माळव्यातला एक कंद) होता, वर जिरावन मसाला आणि लिंबू. त्यात स्टार्च आहे का, हे कुणीही विचारलं नाही.